पक्क्या साइटच्या रायफलीवर रेड डॉट: माशी न हलवता जमेल का?

सरळरेघ

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय.

माझ्याकडे वडिलांची .२२ बोल्ट अ‍ॅक्शन रायफल आहे. साइट पक्क्या. मागे नळीतल्या आडव्या खाचेत ठोकून बसवलेली 'व्ही' आकाराची पट्टी, पुढे डाख देऊन जोडलेली माशी, म्हणजे नेम धरायची पुढची खूण, तिच्या टोकावर पितळी मणी. याच साइटवर मी बाराव्या वर्षी नेम धरायला शिकलो. वडील मागे उभे राहून एकच सांगायचे, "माशी बघ. बाकी सगळं पुसट होऊ दे."

आता पन्नाशी ओलांडली आणि माशीच पुसट झाली. जवळचा चष्मा लावला तर मणी स्वच्छ दिसतो पण लक्ष्याचा पार चिखल. चष्मा काढला की लक्ष्य छान, मणी गायब. गेल्या महिन्यात ५० मीटरवर दहा गोळ्या मारल्या, त्यातल्या तीन कागदाबाहेर. रायफल बाजूला ठेवली आणि बराच वेळ गप्प बसून राहिलो.

रेड डॉट, म्हणजे काचेत तांबडा ठिपका दाखवणारी साइट, लावायचा विचार आहे. फक्त कागदी लक्ष्यं, ५० मीटरपर्यंत. दोन गोष्टी मात्र मला मान्य नाहीत: वडिलांच्या साइट काढायच्या नाहीत आणि रायफलीला नवीन भोक पाडायचं नाही. एवढं सांभाळून जमेल का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

रानवाट – माशी शिंकली!

नेमकी इथंच माशी शिंकते बघा. :)

जमेल हो, नक्की जमेल. माझ्या लिव्हर अ‍ॅक्शनवर लावलाय. पण सुरुवातीला मी डॉट निवडण्यात दोन महिने घालवले आणि तो कशावर बसवायचा हे घरी आणल्यावर कळलं. तुम्ही उलट्या क्रमाने जा.

पेचकस – आधी व्हर्निअर काढा

रानवाट म्हणतात ते शंभर टक्के बरोबर. रेड डॉटचं यश डॉटमध्ये नसतं, त्याच्या बैठकीत असतं. उत्तम डॉट हलत्या बैठकीवर बसवला तर तो तुम्हाला अतिशय स्पष्टपणे चुकीची जागा दाखवत राहील.

म्हणून आधी ही माहिती द्या:

रिसिव्हरच्या, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या धडाच्या, वर काय आहे? सपाट, गोल, की भोकं बुजवणारे छोटे बिनडोक्याचे स्क्रू? बऱ्याच रायफलींना कारखान्यातच आटे पाडलेली भोकं असतात आणि त्यात हे स्क्रू बसवलेले असतात. वर्षानुवर्षांच्या तेलामळीने ते दिसत नाहीत.

रिसिव्हरच्या दोन्ही कडांना लांबीत खाचा आहेत का? असतील तर वरून रुंदी मोजा.

नळीवरची मागची पट्टी रिसिव्हरपासून किती पुढे आहे? बोल्टची मूठ वर उचलल्यावर कुठवर येते? रिकामं काडतूस कुठून बाहेर पडतं?

आणि हे सगळं करण्याआधी मॅगझिन काढा, बोल्ट काढा, नळीतून आरपार उजेड बघा. तुम्ही करतच असाल, तरी मी प्रत्येक वेळी लिहिणार.

लोलक – डोळ्यांबद्दल

मी चष्म्याचे नंबर काढण्याचं काम करते, तेव्हा या भागावर लिहू शकते.

सरळरेघ, तुमच्या नेमात काहीही बिघडलेलं नाही. चाळिशीनंतर डोळ्यातलं नैसर्गिक भिंग ताठर होत जातं, आणि जवळ-लांब असा फोकस पटकन बदलणं जमत नाही. उघड्या साइटमध्ये डोळ्याला तीन अंतरं सांभाळायची असतात: मागची खाच, पुढची माशी आणि लक्ष्य. तरुण डोळासुद्धा तिन्ही एकदम स्पष्ट पाहत नाही, तो फक्त झटपट ये-जा करतो. ती ये-जा आता बंद झाली आहे.

रेड डॉटमध्ये एका बारीक एलईडीचा प्रकाश आतून वक्र काचेवर पडतो. त्या काचेवर तांबडा रंग परत फेकणारा लेप असतो. परावर्तित किरण जवळपास समांतर होऊन डोळ्यात येतात, त्यामुळे ठिपका काचेवर असल्यासारखा न दिसता दूर लक्ष्याच्या अंतरावर तरंगल्यासारखा दिसतो. म्हणजे फोकसचं अंतर एकच उरतं. लांबचा चष्मा असेल तर तो लावा, जवळचा काढून ठेवा.

एक तपासणी विकत घेण्याआधी करा. तुम्हाला अ‍ॅस्टिग्मॅटिझम, म्हणजे चष्म्यात सिलिंडरचा नंबर, असेल तर ठिपका गोल दिसणार नाही. स्वल्पविरामासारखा, चांदणीसारखा किंवा द्राक्षांच्या घडासारखा दिसेल. लोक वस्तू खराब समजून परत करतात. फोनच्या कॅमेऱ्यातून ठिपका बघा: कॅमेऱ्यात गोल आणि डोळ्याला वाकडा असेल तर कारण डोळ्यात आहे. सिलिंडरचा योग्य नंबर घातलेल्या चष्म्याने आणि प्रकाश कमी करून बराच फरक पडतो. तरी नाही जमलं तर प्रिझम साइट बघा. त्यात खूण काचेवर कोरलेली असते आणि डोळ्याकडच्या भिंगाने ती फोकस करून घेता येते.

अनुस्वार

लोलकताई, फार सोपं करून सांगितलंत. वाचनखूण साठवली.

एकटप्पी – माझं मत वेगळं

सगळे रेड डॉटकडे निघालेत, म्हणून दुसरी बाजू मांडतो. कागदी लक्ष्य, ५० मीटर, एकेक गोळी निवांत मारायची. अशा कामाला रेड डॉट कशाला? मागे रिसिव्हरवर पीप साइट बसवा, म्हणजे बारीक भोकाची चकती. बारीक भोकातून पाहिलं की खोलीची स्पष्टता वाढते, माशी आणि लक्ष्य दोन्ही बऱ्यापैकी दिसतात. शिवाय भोक डोळ्याजवळ आल्याने दोन साइटमधलं अंतर वाढतं, नेमातली चूक कमी होते. बॅटरी नाही, काच नाही. आणि वडिलांची माशी नुसती शिल्लक राहणार नाही, वापरात राहील.

रेड डॉट वेगासाठी आहे. बारीक नेमासाठी त्याचा ठिपकाच आड येतो.

सरळरेघ

एकटप्पी, शेवटचं वाक्य मनाला लागलं. माशी वापरात राहणं ही गोष्ट मला फार महत्त्वाची आहे. पीप साइट एका मित्राच्या रायफलीवर पाहिली. दुपारच्या उन्हात माशी छान दिसली. संध्याकाळी उजेड उतरला तसं भोकात अंधारच जास्त. मला मिळणारा वेळ संध्याकाळचाच.

लोलकताई, माझ्या उजव्या डोळ्याला सिलिंडर ०.५० आहे. चालेल?

लोलक

एवढ्याने सहसा अडत नाही. चष्मा लावून बघा आणि ठिपका दिसेल इतकाच प्रकाश ठेवा. झगझगीत ठेवलात की निरोगी डोळ्यालाही तो फुगलेला दिसतो.

अनुस्वार – बाळबोध प्रश्न

२ एमओए, ३ एमओए, ६ एमओए हे काय आहे? मोठा आकडा म्हणजे जास्त चांगला का?

पेचकस – बाळबोध नाही, मूळ प्रश्न आहे

एमओए म्हणजे मिनिट ऑफ अँगल, एका अंशाचा साठावा भाग. १०० मीटरवर तो सुमारे २.९ सेंमी होतो, ५० मीटरवर १४.५ मिमी, २५ मीटरवर ७.३ मिमी. हे तीन आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, पुढं झिरो करताना, म्हणजे नेम आणि गोळी एका जागी जुळवताना, हेच लागतात.

ठिपक्याचा आकडा म्हणजे तो लक्ष्यावर किती जागा झाकतो ते. ५० मीटरवर २ एमओएचा ठिपका २९ मिमी झाकतो, ३ चा सुमारे ४४ मिमी, ६ चा ८७ मिमी. म्हणजे मोठा ठिपका पटकन सापडतो आणि लहान ठिपका बारीक नेम देतो. सरळरेघ यांच्या कामाला २ किंवा ३.

एकटप्पींच्या 'ठिपका आड येतो' या आक्षेपावर: लक्ष्याच्या मध्यावर ठिपका ठेवायचाच कशाला? काळ्या वर्तुळाच्या खालच्या कडेला टेकवून ठेवा आणि गोळी मध्यावर पडेल असं झिरो करा. उघड्या साइटला आपण हेच करत आलो. काळ्यावर तांबडं टेकलेलं डोळ्याला फार स्वच्छ कळतं.

एकटप्पी

खालच्या कडेचा मुद्दा मान्य. पण बारीक नेमासाठी माझी पसंती पीपलाच.

दट्ट्या – एअर रायफलवाल्यांनी इकडे लक्ष द्या

धागा .२२ चा आहे, पण हे वाचून कुणी स्प्रिंगच्या एअर रायफलवर रेड डॉट लावायला निघेल, म्हणून लिहितो.

.२२ चा धक्का किरकोळ आणि एकाच दिशेचा, मागे. स्प्रिंगच्या एअर रायफलचा धक्का दोन्हीकडचा. खटका ओढला की दट्ट्या पुढे सुटतो आणि रायफल मागे येते. मग दट्ट्या टोकाला आदळून थांबतो आणि रायफल पुढे हिसकते. हा दुसरा हिसका बैठकीला मागे सरकवतो.

माझ्या रायफलीवर पहिल्या दिवशी छर्रे एका जागी, दुसऱ्या दिवशी चार बोटं वर. मी डॉटचे स्क्रू फिरवत बसलो. आठवडाभर रोज झिरो, रोज चूक. शेवटी एकदा अंगठा बैठकीवर ठेवला तर ती मूळ जागेपासून पुरी ४ मिमी मागे आलेली, खाचेवर चकचकीत ओरखडा. स्क्रू आवळून आवळून एकाचे आटे गेले होते.

उपाय साधा होता. बैठकीला खाली एक छोटी खुंटी असते, ती रिसिव्हरवरच्या भोकात उतरली पाहिजे. ती खुंटी पहिल्या दिवसापासून पाकिटात पडून होती. तसं भोक नसेल तर बैठकीच्या मागे टेकू देणारा वेगळा अडसर मिळतो. आणि डॉट स्प्रिंग एअर रायफलसाठी चालतो असं बनवणाऱ्याने स्पष्ट लिहिलेलं असेल तरच घ्या.

रानवाट – लिव्हर अ‍ॅक्शनची गोष्ट

दट्ट्यांचं वाचून माझा घोळ आठवला. विंचेस्टर १८९४ च्या घडणीत जुन्या रायफलींमधून रिकामं काडतूस सरळ वर उडतं. १९८० च्या दशकात ते तिरकं बाजूला जाईल असा बदल केला गेला. माझी जुनी आहे. रिसिव्हरच्या मधोमध डॉट ठेवला असता तर प्रत्येक पितळी टरफल त्याच्या पोटावर आदळलं असतं.

म्हणून डॉट पुढे, नळीवर घेतला. जेफ कूपर यांनी १९८० च्या दशकात 'स्काउट रायफल'ची कल्पना मांडली, त्यात दुर्बीण अशीच पुढे असते. दुर्बिणीला डोळ्यापासून ठराविक अंतर लागतं, रेड डॉटला ती अट नाही. हात लांब करून धरला तरी ठिपका दिसतो. पुढे ठेवल्याने खिडकी लहान वाटते पण दोन्ही डोळे उघडे ठेवून फार मोकळं दिसतं.

तोटाही सांगतो. नळी तापते. सलग वीस गोळ्या मारल्या की बैठक हाताला चटका देते आणि माझा ग्रुप, म्हणजे गोळ्यांचा पुंजका, थोडा वर चढतो. .२२ ला एवढी उष्णता नसते.

जुनापट्टा – भोकाबद्दल कळकळीने

सरळरेघ, 'नवीन भोक पाडायचं नाही' ही अट कुणी काहीही सांगितलं तरी सोडू नका.

माझ्या आजोबांची रायफल मी एका कारागिराकडे दिली, वर डॉट धरणारी पट्टी बसवायला. त्यानं दोन भोकं पाडली, तिसरं पाडताना ड्रिल घसरलं. रिसिव्हरचा पृष्ठभाग कडक केलेला होता, बिट वर नाचलं आणि भोक मध्यरेषेपासून एका बाजूला गेलं. पट्टी तिरकी बसली. डॉटचं आडवं समायोजन टोकापर्यंत फिरवूनही गोळ्या डावीकडेच. शेवटी पट्टी काढली. आता तिथं तीन भोकं आहेत, त्यातलं एक वाकडं. मी त्यात स्क्रू भरून वर काळा रंग दिलाय, तरी रायफल हातात घेतली की बोट तिथंच जातं.

पैशाचं नुकसान भरून निघतं. आजोबांनी ती तीस वर्षं तेल लावून जपली होती, ते नाही भरून निघत. शिवाय हत्यारात बदल करायला परवान्याच्या अटींप्रमाणे परवानगी लागू शकते, तेही आधी बघावं.

सरळरेघ

जुनापट्टा, वाचून गलबललो. तुमचा प्रतिसाद वहीत उतरवून घेतलाय.

चौथरा – साइट आणि डॉट एकाच खिडकीत?

एक शब्द अजून आला नाही: को-विटनेस. म्हणजे डॉटच्या काचेतूनच जुन्या साइटही दिसणं. एआर (अमेरिकी एआर-१५) घडणीच्या रायफलीत हे सहज जमतं, कारण तिथं लोखंडी साइटची रेषाच डॉट धरणाऱ्या पट्टीच्या वर साधारण ३६ मिमी असते. डॉट त्याच उंचीवर ठेवला की माशी काचेच्या मधोमध येते; थोडा वर घेतला की खालच्या एक तृतीयांश भागात. पुढची साइट पक्की, न दुमडणारी असेल तर बहुतेक लोक दुसरा प्रकार घेतात, म्हणजे माशी सतत ठिपक्यावर बसत नाही.

पण जुन्या .२२ मध्ये साइटची रेषा नळीला अगदी चिकटून असते. डॉटची बूड, बैठकीची जाडी, सगळं मिळून काच तिच्या वरच जाते. मग दोन रस्ते: खालून बोगदा असलेली उंच बैठक, ज्यात बोगद्यातून जुन्या साइट दिसतात, किंवा बुटकी बैठक, जी हाताने पटकन निघते.

बोगद्याची कल्पना ऐकायला छान आहे, वापरायला नाही. डॉट एवढा वर जातो की गाल दस्त्यावरून उचलला जातो आणि हनुवटी टेकवावी लागते. दर वेळी डोकं वेगळ्या जागी. तुमच्यासाठी मी बुटकी आणि काढता येणारी घेईन.

लोलक

चौथरा यांना दुजोरा. डोकं वेगळ्या जागी गेलं तरी 'ठिपका जिथं, गोळी तिथं' अशी समजूत असते. लांबच्या लक्ष्यावर ती चालते, जवळ नाही. किरण पूर्ण समांतर आहेत असं धरलं, तर डोळा काचेच्या मध्यापासून ८ मिमी बाजूला गेल्यावर नेमही सुमारे ८ मिमी सरकतो. ५० मीटरवर ते खपून जाईल. १० मीटरच्या एअर रायफल लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका अवघा ०.५ मिमीचा असतो, तिथं ८ मिमी म्हणजे तीन वर्तुळं गेली. ठिपका काचेच्या मध्यावरच ठेवायची सवय लावा.

अनुस्वार

१० मीटर स्पर्धेत रेड डॉट चालतो का?

एकटप्पी

आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) १० मीटर एअर रायफलमध्ये नाही. तिथं पीपच. :)

पोथीनिष्ठ – अवांतर, पण राहवत नाही

ही कल्पना किती जुनी आहे माहीत आहे का? आयर्लंडच्या हॉवर्ड ग्रब यांनी १९०० मध्ये परावर्तनाची साइट मांडली. दुर्बिणी बनवणारा माणूस. १९१८ मध्ये ती जर्मन लढाऊ विमानांवर पोचली, दुसऱ्या महायुद्धात तर विमानांचा नेम असल्याच काचेतून. रायफलीवर यायला मात्र छोटा दिवा आणि छोटी बॅटरी हवी होती. स्वीडनच्या एमपॉइंटने १९७५ च्या सुमारास एलईडीचा रेड डॉट बाजारात आणला. अमेरिकी लष्कराने १९९० च्या दशकात तो एम६८ या नावाने घेतला. डॉट धरणाऱ्या खाचांच्या पट्टीचं मापही तेव्हाचंच: पिकाटिनी पट्टीचं मिल-स्टँडर्ड-१९१३ हे मानक १९९५ चं.

पेचकस

पोथीनिष्ठ, अवांतर नाहीच, कारण याच मापात लोक फसतात. पिकाटिनीची आडवी खाच ५.२३ मिमी रुंद आणि खाचांमधलं अंतर १०.०१ मिमी, ठरलेलं. जुन्या वीव्हर पट्टीची खाच ४.५७ मिमी आणि अंतर ठरलेलं नाही. वीव्हरची वस्तू पिकाटिनीवर बसते, उलटं बसेलच असं नाही.

सरळरेघ, मापं कुठं आहेत?

सरळरेघ – सापडलं!!

मंडळी, आज सकाळी बोल्ट काढला, नळीतून उजेड पाहिला आणि रिसिव्हर पहिल्यांदाच मनापासून पुसला. दोन्ही कडांना लांबीत खाचा आहेत! चाळीस वर्षं मी त्यांना नक्षी समजत होतो. त्यात जुनं तेल वाळून मेणासारखं बसलं होतं, दात घासायच्या जुन्या ब्रशने काढलं तेव्हा आतली तिरकी धार दिसली. एका खाचेत वडिलांच्या कापडाचा हिरवा धागा अडकलेला होता. तो काढून पाकिटात ठेवला.

वरून रुंदी ९.५ मिमी. म्हणजे भोकाचा प्रश्नच मिटला ना?

पेचकस

मिटला! ९.५ म्हणजे पाऊण इंचाच्या निम्मं, तीन अष्टमांश इंचाचा डव्हटेल (तिरक्या धारेच्या खाचांची बैठकजागा). .२२ वर बऱ्याचदा हाच असतो. एअर रायफलींवर सहसा ११ मिमीचा. विकणारे दोन्ही एकच समजून देतात, तेव्हा घेताना माप सांगा.

सरळरेघ

दोन आठवड्यांनी लिहितोय. सांगितलं होतंत तरी चूक झाली. दुकानात "दोन्हीला चालते" म्हणून दिलेली बैठक ११ ची निघाली. आवळली जाते, पण जबड्याची फक्त खालची कड पकडते. समोरून बघितलं तर बैठक उजवीकडे किंचित कललेली. अंगठ्याने दाबली तर बारीक 'टिक' असा आवाज.

दट्ट्या

तो 'टिक' ऐकलात हे फार चांगलं झालं. तिच्यावर एकही गोळी मारू नका. खाचेची धार झिजली तर ती परत येत नाही.

पेचकस

परत करा, ९.५ ची घ्या. आणि बसवताना:

दोन्ही पृष्ठभाग स्पिरिटने पुसा, तेलाचा अंशही नको. बैठक खाचेत घालून पुढच्या बाजूला रेटून धरा, कारण धक्क्याने रायफल मागे येते तेव्हा बैठक जागच्या जागी राहू पाहते, म्हणजे पुढे सरकू पाहते. दोन्ही स्क्रू आळीपाळीने, थोडेथोडे. अ‍ॅलन कीची लांब बाजू स्क्रूत आणि आखूड बाजू बोटात धरा, म्हणजे जोर आपोआप आवरला जातो. बनवणाऱ्याने टॉर्कचा, म्हणजे आवळण्याच्या जोराचा, आकडा दिला असेल तर तोच अंतिम. डॉट बैठकीला धरणाऱ्या स्क्रूंना निळ्या थ्रेडलॉकरचा (आटे धरून ठेवणाऱ्या डिंकाचा) एक थेंब, तांबडा नको. तो तापवल्याशिवाय सुटत नाही. शेवटी स्क्रूच्या डोक्यावरून बैठकीवर पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला.

झिरोसाठी तुमच्याकडे मोठी सोय आहे: जुन्या साइट. रायफल वाळूच्या पिशव्यांवर पक्की टेकवा, माशी लक्ष्यावर आणा आणि रायफल न हलवता डोकं उचलून डॉटमधून बघा. ठिपका त्याच लक्ष्यावर येईपर्यंत स्क्रू फिरवा. पहिली गोळी कागदावरच पडेल.

चौथरा

एक भर. डॉट नळीच्या मध्यापासून साधारण ४५ मिमी वर असेल. ५० मीटरला झिरो केल्यावर ५ मीटरवर गोळी ठिपक्याच्या जवळपास ३ सेंमी खाली पडेल. घाबरून स्क्रू फिरवू नका, ती उंचीची करामत आहे.

सरळरेघ – झालं मंडळी

काल संध्याकाळी रेंजवर होतो. सविस्तर लिहितो, कारण तुम्ही सगळ्यांनी हात धरून इथवर आणलंत.

नवी बैठक ९.५ ची, 'टिक' नाही. डॉट ३ एमओए, चष्मा लावून जवळपास गोल दिसतो, डावीकडे जराशी शेपटी. पेचकसदादांनी सांगितलं तसं जुन्या साइटवरून ठिपका जुळवला. माशी पुसट होती, पण पिशव्यांवर निवांत वेळ घेऊन जमलं.

२५ मीटर, पहिल्या पाच गोळ्या: सगळ्या कागदावर. ग्रुपचा मध्य ४४ मिमी खाली, २२ मिमी उजवीकडे. डॉटच्या स्क्रूची एक क्लिक एक एमओए, म्हणजे ७.३ मिमी. सहा क्लिक वर, तीन डावीकडे. पुढच्या पाच काळ्यात. मग ५० मीटर: साधारण २ सेंमी खाली, एक क्लिक वर. शेवटच्या दहा गोळ्यांपैकी कागदाबाहेर एकही नाही, आठ काळ्यात. उजेड जवळजवळ संपला होता आणि ठिपका सर्वात मंद आकड्यावर होता.

मग बैठक चार वेळा काढून परत बसवली आणि दर वेळी २५ मीटरवर पाच गोळ्या. मध्य जास्तीत जास्त ६ मिमी हलला, एका क्लिकपेक्षा कमी.

डॉट काढलेला असताना मुलीने रायफल मागितली. ती बारा वर्षांची आहे. मी मागे उभा राहिलो आणि तोंडातून आपोआप निघालं, "माशी बघ. बाकी सगळं पुसट होऊ दे." तिला मणी स्वच्छ दिसतो. पाचपैकी तीन काळ्यात.

एकटप्पी

माशी वापरात राहिली. मला आणखी काही नको. मुलीचं मनापासून कौतुक.

जुनापट्टा

तो हिरवा धागा जपून ठेवा.

पेचकस

फार आनंद झाला. पांढरी रेघ बघितली का?

सरळरेघ

बघितली. पन्नासएक गोळ्यांनंतर अखंड आहे. बैठकीच्या स्क्रूंवर दर वेळी नवी ओढावी लागते, म्हणून रंगाचं पेन आता रायफलीच्या पेटीतच ठेवलंय.